हिरीला द्यायचा निरोप

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आई शेवटच्या आजारात होती तेव्हा तिच्या उशाशी बसून सांगून टाकावं असं वाटलं होतं — तेव्हाही नाही. एकाच माणसाला सांगितलं, तेही मागच्या सोमवारी. आता तुम्हाला सांगते.

मी गणिताची बाई. कशेळ्याच्या ज्या शाळेत शिकले तिथेच शिकवते, आणि यंदापासून मुख्याध्यापिका आहे. बाई तोंडावर बोलतात, मनात काही ठेवत नाहीत, असं लोक म्हणतात. खरं आहे ते. कॉपी करताना सापडलेल्या पोराला मी समोर उभं करते आणि म्हणते, कबूल कर, मोकळा होशील. कोणत्या तोंडाने म्हणत आले मी हे, इतकी वर्षं?

हिरी माझ्या वर्गात होती. डोंगराच्या कुशीतल्या कातकरवाडीतून दीड तास चालत यायची. दहावीपर्यंत पोचलेली त्या वाडीतली ती पहिलीच मुलगी. उशीर झाला की खिडकीतूनच विचारायची, "सर, येऊ का?" आणि उत्तर यायच्या आत बाकावर बसलेली असायची. काळ-काम-वेगाची गणितं सुरू झाली तेव्हा सरांनी फळ्यावर लिहिलं — चार माणसं एक भिंत सहा दिवसांत बांधतात. हिरी म्हणाली, "सर, त्यातला एक बिडी वडाय बसला तर?" सगळा वर्ग हसला, सरही हसले. हसणं थांबायच्या आत तिने उत्तर सांगितलं होतं. मी अजून रीत मांडत होते.

सहामाहीत गणितात ती पहिली आली. मी दुसरी. पाचवीपासून माझा पहिला नंबर कधी चुकला नव्हता. घरी मी सांगितलं की पेपर तपासण्यात गडबड झाली. हे खोटं लहान होतं. पण माझ्या खोट्याला तोंड फुटलं ते तिथे — हे मला आज नीट दिसतं.

दिवाळीनंतर हिरी आई-बापाबरोबर वीटभट्टीवर गेली. अख्खी वाडीच जायची, ती पावसाळ्याच्या तोंडावर परतायची. भट्टी खालापूरच्या बाजूला, पाताळगंगेच्या काठी. माझी मावशी तिथून जवळच राहायची आणि मी शनिवारी तिच्याकडे जाणार होते. सरांनी मला बोलावलं. बोर्डाचे फॉर्म जायचे होते. "शोभा, तू जातेच आहेस तर हिराला गाठ," म्हणाले. "म्हणावं, फक्त सही करायला ये, फोटो मी काढून घेतो. पुढच्या शनिवारपर्यंत. परीक्षेच्या दिवसांत तिच्या राहण्याचं मी बघतो."

एवढाच निरोप. मी गेले. मावशीकडे पिशवी टाकली आणि रविवारी सकाळी भट्टीच्या रस्त्याला लागले. भट्टीपर्यंत पोचले. तिला पाहिलं. आणि मागे फिरले.

का? ती नसली की मी पहिली येणार होते. दुसरं कारण नाही. बरीच वर्षं शोधलं मी दुसरं कारण — भट्टीवरच्या दारू प्यालेल्या माणसांना घाबरले, मुकादमाने हटकलं. कुणी प्यालेलं नव्हतं. कुणी हटकलं नाही.

सोमवारी सरांनी विचारलं. मी म्हणाले, "सर, ती नको म्हणाली. तिचं लग्न ठरलंय."

 सर म्हणाले, "वाटलंच होतं." आणि फॉर्म बाजूला ठेवला. आमच्या आळीतल्या एखाद्या मुलीबद्दल मी असं सांगितलं असतं, तर सर सायकल काढून तिच्या बापाकडे गेले असते. कातकऱ्याची पोर म्हटल्यावर त्यांना ते लगेच पटलं. आणि पटणार, हे मला आधीच माहीत होतं. पंधराव्या वर्षी एवढं कळत होतं मला. म्हणून तेव्हा मी लहान होते, असं मी म्हणणार नाही.

मी शाळेत पहिली आले. जूनमध्ये वाडी परतली. हिरी शाळेत येईल आणि सगळं बाहेर पडेल, या धास्तीत मी तो महिना काढला. ती आली नाही. पुढे तिचं लग्न झालं, मी बी.एड. करून इथेच लागले. ती बाजारात शेवळं, करटोली असल्या रानभाज्या घेऊन बसायची. शाळेत मला शोभे म्हणायची, आता बाई म्हणायला लागली. मी कधी म्हटलं नाही तिला, की शोभेच म्हण.

मुलीला आठवीत घालायला आली तेव्हा म्हणाली, "बाई, हिला गणित येतं. माज्यासारकं अर्ध्यात सुटाया नको." आणि मग — "मला त्या साली कुणी बोलवाया आलं नाय. मी लय वाट बगितली. सर इसरलं आसतील."

सर तोवर वारले होते. सांगायची वेळ तीच होती, नाही का? मी म्हणाले, "सरांच्या मागे तेव्हा फार व्याप होते गं." ज्या माणसाने तिची राहायची सोयसुद्धा ठरवली होती, त्याच्या नावावर मी माझं कृत्य टाकलं.

यंदा श्रावणात हिरी गेली. कावीळ अंगावर काढली. आमच्या दहावीच्या वर्गाचा मोबाइलवर ग्रुप आहे. हिरी त्यात नव्हती — दहावीलाच बसली नाही, मग कशी असणार? तरी कुणीतरी म्हणालं, शोभा, तू चार ओळी लिही. मी लिहिलं, अतिशय हुशार मैत्रीण, परिस्थितीमुळे शिक्षण अर्धवट राहिलं. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. परिस्थितीमुळे! ती परिस्थिती त्या रविवारी मावशीच्या घरून चहा पिऊन निघाली होती.

मागच्या सोमवारी हिरीची तीच मुलगी आली, मनीषा. कर्जतला नर्सिंग शिकते. आईच्या जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला हवा होता. क्लार्कने जुन्या रजिस्टरवरून तो लिहिला आणि माझ्या सहीला आणून ठेवला. मनीषाने तो टेबलावरून उचलून वाचला.

"बाई, हे चुकलंय. शाळा सोडण्याचं कारण विवाह लिवलंय. आईचं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी झालं."

जुन्या क्लार्कची चूक, एवढं म्हटलं की संपत होतं. मी उठून दार लावलं आणि सांगितलं. निरोप, भट्टी, सर, सरांच्या नावावर टाकलेलं, ग्रुपवर लिहिलेलं — सगळं. 

मग तिने विचारलं, "तुमी किती लांब होता तिच्यापासनं?"

"हाक मारली असती तर ऐकू गेलं असतं."

"काय करत होती?"

मी सांगितलं. ओल्या विटांच्या रांगेत उकिडवी बसून साच्यात माती थापत होती. अंगात शाळेचाच निळा स्कर्ट. शेजारच्या बाईशी काहीतरी बोलत होती आणि हसत होती.

"आईचा लग्नाआधीचा एक पण फोटो नाय आमच्याकडं," मनीषा म्हणाली. "मोठ्यानं हसत होती?"

"हो. रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं."

ती खिडकीकडे बघत बसली. नोंद दुरुस्त करायला अर्ज द्यावा लागेल, तो मीच लिहीन, असं मी म्हटलं. "लिवा," म्हणाली. "पण आज हाय तसा द्या. मला तारीख पायजे." मी सही केली. तिने दाखला घेतला आणि कर्जतची जीप गाठायला निघाली.

माफ कर, असं मी तिला म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तिला मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.