सिस्टरची तुती

लाँड्रीवाल्या काकांच्या अंगणात सहा दोऱ्या होत्या आणि त्यांच्यावर एका हॉटेलच्या पांढऱ्याशुभ्र चादरी वाळत. शेजारच्या आवारातली तुती भिंतीवरून या दोऱ्यांवर ओणवी झालेली. दोन महिने फळं टपटपत आणि जांभळे डाग पाडत. उरलेलं वर्षभर पाला. काका उठल्या उठल्या आधी झाडू हातात घेत, मग चहाचा कप.

झाड सिस्टरचं. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्सबाई, एकट्याच राहायच्या. काकांची बायको जिन्यावरून पडली आणि कमरेखाली लुळी झाली, तेव्हापासून त्या सकाळ-संध्याकाळ येत, तिला कुशीवर वळवत, पाठ पुसून पावडर लावत. पडून पडून पाठीला झालेली जखम त्यांनीच भरून आणली होती. सहा वर्षांत एक खाडा नाही. अशा बाईला 'तुमचं झाड छाटा' म्हणायला काकांची जीभ रेटेना.

मेव्हणा आला की पेटवायचा. "भाऊजी, फांदी तुमच्या हद्दीत आलीय. चालवा करवत. कोण काय म्हणतंय?"

"आणि तुझ्या बहिणीला कुशीवर कोण वळवणार? तू?"

यावर मेव्हणा चपला शोधायला लागायचा.

एकदा हॉटेलच्या मॅनेजरनं अकरा चादरी परत पाठवल्या. पुन्हा डाग दिसले तर काम दुसऱ्याला देऊ, असा निरोपही सोबत. काकांनी एक वाक्य घोकून पाठ केलं आणि सिस्टरचं दार वाजवलं.

"बरे आलात भाऊ," म्हणत सिस्टर आत वळल्या. "वहिनींसाठी तुती वेचून ठेवल्यात. आवडतात ना त्यांना."

काका वाडगा घेऊन परत आले. बायकोनं विचारलं, "बोललात?"

"खा आधी," काका म्हणाले.

आठवड्यानं सिस्टर स्वतःचे डोळे तपासून घ्यायला दवाखान्यात गेल्या. भरदुपारी काका शिडी लावून चढले आणि दोऱ्यांवरच्या सगळ्यांत जाड फांदीला करवत लावली. फांदी अर्ध्यातच मोडली आणि खोडाची साल ओरबाडत, दोन चादरींसकट खाली आली.

"अहो, काय पडलं?" खोलीतून बायकोनं विचारलं.

"काही नाही." काका तुकडे करून पोत्यात भरत बसले. पण झाडाला पडलेलं भगदाड कुठल्या पोत्यात भरणार?

पाच वाजता सिस्टर आल्या. नेहमीसारखी पाठ पुसली, पावडर लावली, उशीचा अभ्रा बदलला. जाताना अंगणात थांबून वर पाहिलं.

"चुकीचं कापलंत, भाऊ. साल सोलली गेली. पाणी मुरून कुजेल तिथं."

"चुकलं, सिस्टर."

"सहा वर्षं दिवसातून दोनदा येते मी. एकदा तोंड उघडायचं होतंत."

"तुम्ही येता, म्हणूनच नाही उघडलं."

सिस्टर फाटक लावून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या नाहीत. साडेनऊपर्यंत वाट पाहून काकांनी स्वतःच बायकोला वळवायला घेतलं. डोळे मिटून चादरींच्या घड्या घालणारा माणूस, पण हात खांद्याखाली घालावा की कमरेखाली, हे त्याला कळेना. बायको कळवळली. दोघंही घामाघूम होऊन थांबले. ती अर्धवट कुशीवर, काकांचा हात तिच्याखाली.

"माझ्यापायी अडकून पडलात तुम्ही," ती म्हणाली.

"गप बस," काका म्हणाले.

संध्याकाळी सिस्टर आल्या त्या झाडं छाटणाऱ्या माणसाला घेऊनच. भिंतीशी उभं राहून, एकेक फांदी दाखवून त्यांनी ती नीट कापून घेतली. मग आत येऊन काकांना पलंगाशी बोलावलं.

"हात धुऊन या. गुडघे वाकवा, कंबर नाही. मी काय जन्माला पुरणार आहे? शिकून घ्या, म्हणजे माझ्याशी मोकळेपणानं भांडता येईल."

काका शिकले. सकाळची वेळ आता ते सांभाळतात, चादरीही डागांवाचून वाळतात. पण त्यांच्या हातानं बायकोला झोप लागत नाही, म्हणून संध्याकाळी सिस्टरच येतात. फाटक वाजलं की काका इस्त्री बाजूला ठेवून उभे राहतात, आणि त्या जाईपर्यंत काही बसत नाहीत.