शकुबाईचा गोठा आणि साहेबांचे पत्रे

दूध अत्यावश्यक आहे, पण चारा अत्यावश्यक नाही. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि तेही सरकारी गाडीतून उतरलेल्या, चांगल्या शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडून. तेव्हापासून कुणी म्हणालं की 'सरकार काय ते विचार करूनच करतं', की मला आधी हसू येतं आणि मग शिव्या येतात. शिव्या गिळतो आणि शकुबाईची गोष्ट सांगतो.

मी प्रफुल्ल. देवळाली गावात, वालदेवी नदीच्या अंगाला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गल्लीच्या पार आतल्या टोकाला शकुबाईचा गोठा. त्याच्यामागे भिंत, म्हणजे माणूस असो की म्हैस, जायचं-यायचं ते माझ्या दुकानासमोरूनच.

शकुबाई साठीची, काटक आणि तोंडाची फटकळ. नवरा, सहादू, गेला तेव्हा दीर म्हणाला, 'वहिनी, म्हशी विकून टाका, बाईमाणसाचं काम नाही.' तिने म्हशी ठेवल्या आणि दिराला काढला. एकदा एका मास्तरांनी भर गल्लीत म्हटलं की दुधात पाणी आहे. हिने अख्खी चरवी त्यांच्या पायावर ओतली आणि म्हणाली, "घ्या, आता बघा पाय धुतले जातात का!" मास्तरांनी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तिचंच दूध लावलं. दुसरं असलं दूध होतं कुठे?

पाच म्हशी होत्या. त्यातली शेवंती तिची जीव की प्राण. शेवंतीची आई वितानाच मेली, तेव्हा हिने त्या पारडीला बाटलीने पाजून वाढवलं, थंडीत स्वतःची गोधडी तिच्यावर घातली. दोन हजार वीसच्या त्या उन्हाळ्यात शेवंती गाभण होती, दिवस भरत आले होते. शकुबाई सारखी तिच्या पोटावर हात फिरवायची आणि पोरीशी बोलावं तशी तिच्याशी बोलायची.

आता एक सांगून ठेवतो. रोग खोटा होता असं म्हणणारा मी नव्हे. माझा साडू त्याच रोगाने गेला. पण रोगाशी कसं वागायचं हे आम्हाला कळत नव्हतं, हा जो समज वरच्यांचा होता ना, तो मात्र शंभर टक्के खोटा. कुठलाही आदेश निघायच्या आधी शकुबाईने माझ्याकडून चुना नेला होता आणि गोठ्यासमोर लांब लांब गोल काढले होते. गिऱ्हाइकाने भांडं दगडावर ठेवायचं, मागे सरायचं, मग ही वरून दूध ओतणार. पैसे मिठाच्या पाण्याच्या तांब्यात टाकायचे. अक्काबाई म्हणून एक म्हातारी एकटी राहते, तिच्या उंबऱ्यावर ही दूध ठेवून यायची आणि लांबून ओरडायची, "म्हातारे, बाहेर पडलीस तर तंगडी तोडीन!" कुणी परिपत्रक काढलं होतं? आपला जीव आपल्याला प्यारा असतो, आणि गिऱ्हाईक मेलं तर धंदा मरतो. त्याला काय साहेब लागतो?

मग गल्लीतला एक ट्रकवाला लासलगावहून कांदा घेऊन कुठे कुठे फिरून आला आणि पॉझिटिव्ह निघाला. त्याला दवाखान्यात नेलं, ते बरंच झालं. दुसऱ्या दिवशी गल्ली बंद करायला साहेब आले. आता गंमत ऐका. माझं दुकान दोन आठवडे बंद होतं, कारण हार्डवेअर अत्यावश्यक नाही. पण गल्लीला ठोकायला पत्रे पाहिजेत म्हटल्यावर मलाच हाक मारून शटर वर करायला लावलं, पत्रे काढून घेतले आणि शटर पुन्हा खाली. माझ्याच दुकानातले पत्रे माझ्याच नाकासमोर ठोकले. पत्र्यांमध्ये एक फट ठेवली, दुधाचा कॅन जाईल एवढी. कारण दूध अत्यावश्यक! साहेबांच्या बंगल्यावर शकुबाईचाच रतीब होता, हेही सांगायला हवं.

शकुबाईचा भाऊ निवृत्ती नदीपलीकडे शेती करतो. हिरव्यागार घासाचं रान, माझ्या गच्चीवरून दिसतं. रोज टेंपो भरून तोच बहिणीला चारा पोचवायचा. पत्रे लागले त्या दिवशी तो टेंपो घेऊन आला, तर बंदोबस्तावरच्या माणसाने काठी आडवी धरली. निवृत्ती म्हणाला, "बाबा, मी आत येत नाय. पेंढ्या पत्र्यावरून आत टाकतो, झालं?" तेही नाही. साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, यादीत चारा नाही.

तसा वरच्या आदेशात चारा होता म्हणे. पण वरचा आदेश खाली येईस्तोवर त्याला पाय फुटतात, शिंगं फुटतात, आणि शेवटी तो साहेबांच्या मर्जीला येऊन मिळतो. दुसऱ्या दिवशी साहेबांची गाडी आली तेव्हा मी शांतपणे विचारलं, "साहेब, दूध कशापासून होतं असं तुम्हाला वाटतं?" ते म्हणाले, "दूध अत्यावश्यक आहे, चारा नाही. तुम्ही राजकारण करू नका." घ्या! म्हशीच्या पोटाचा प्रश्न विचारला तर ते राजकारण.

रोज निवृत्ती यायचा, रोज परत जायचा. घास टेंपोत सुकायचा. गोठ्यातली सरकी संपली, कडबा संपला. म्हशींच्या बरगड्या दिसायला लागल्या, दूध निम्म्यावर आलं. शकुबाईने एक दिवस कॅन पत्र्याशी आणलाच नाही, तर लगेच साहेबांची गाडी हजर. अत्यावश्यक सेवा बंद करणं हा गुन्हा आहे, कलम लागेल, म्हणाले.

शकुबाई पत्र्याच्या फटीतून म्हणाली, "मला कशाला सांगता साहेब? म्हशीला सांगा. तिला कलम वाचून दाखवा, पान्हा सोडते का बघा."

चारा आणला तर गुन्हा, दूध नाही दिलं तर गुन्हा. तिकडे ट्रकवाला बरा होऊन घरी आला, आम्ही त्याला ओवाळलं, पण पत्रे जागच्या जागी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय! आमच्यातलेही काही दीडशहाणे होते बरं का, गच्चीवरून मान डोलावणारे. 'थोडा त्रास सहन करायला हवा, देशासाठी.' यांच्या फ्रिजमध्ये भाजी होती. उपास म्हशी करत होत्या.

एवढ्यात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला पितरांना जेवू घालतात, घरोघर पुरणपोळी होते. पाहुणे येणार नव्हते, पण बायकांच्या हाताला सवय, पुरण नेहमीसारखंच भरपूर घातलं गेलं. पितरांचा घास गाईला घालतात. गल्लीत गाय नव्हती, पण रात्रंदिवस हंबरणाऱ्या भुकेल्या म्हशी होत्या. बायकांचं काळीज ते. शेजारच्या तानुबाईने पहिलं ताट नेलं, तिच्यामागून सगळ्या गेल्या. पुरणपोळ्या, भात, कुरडया, ज्याच्या घरी जे होतं ते.

शकुबाई गोठ्यात असती तर एकीला आत येऊ दिलं नसतं. पण ती तेव्हा उन्हात पत्र्याशी उभी होती. सण आहे, आज तरी साहेब ऐकतील, म्हणून दुपारभर त्यांची वाट बघत होती. पत्र्यापलीकडे निवृत्ती टेंपोत बसलेला. साहेब आले, आणि 'वर विचारून सांगतो' म्हणून गेले. ही मागे फिरली तेव्हा शेवंतीसमोरची पाटी चाटूनपुसून साफ झाली होती. शेवंती दाराशी बांधलेली, म्हणून सगळ्यात जास्त तिच्याच वाट्याला आलं.

जनावराच्या पोटाला वैरण लागते. रिकाम्या पोटात गोडाचा आणि पिठाचा ढीग पडला की ते आंबतं, फुगतं. दिवेलागणीला शेवंतीची डावी कूस टरारून वर आली, ती पाय झाडायला लागली. शकुबाईने गोडेतेल पाजलं, पोट चोळलं. निवृत्तीने फोन करून जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. ते बिचारे पेटी घेऊन धावत आले, तर काठी आडवी. 'यादीत डॉक्टर आहे, पण तो माणसांचा.' डॉक्टर भांडले, फोन केले. साहेबांचा फोन बंद, सणाचा दिवस ना! शेवटी डॉक्टर पत्र्यापलीकडून ओरडून सांगत राहिले, तिला बसू देऊ नका, पुढचे पाय उंचावर घ्या, आणि आम्ही अलीकडून ऐकून तसं करत राहिलो. पोटाला भोक पाडायची सुई त्यांच्या पेटीत होती. ती आमच्यापैकी कुणाला मारता येणार नव्हती. पत्रा एवढा पातळ, की पलीकडचा डॉक्टरांचा श्वास ऐकू येत होता.

शेवंती उजाडायच्या आत गेली, पोटातलं रेडकू घेऊन.

तानुबाई छाती बडवून रडायला लागली, "मी मारली गं शकू, माझ्या हाताने मारली." शकुबाई शेवंतीचं मुंडकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने वरही बघितलं नाही. म्हणाली, "गप बस. भुकेल्याला घातलंस तू. तुझं पाप नाय त्यात." मला मात्र तिथे साहेब सापडले असते तर माझ्या हातून काय झालं असतं ते सांगत नाही.

आणि आता सरकारचं काम किती झटपट चालतं ते ऐका. मेलेलं जनावर बंद भागात राहता कामा नये, असा नियम. मी फोन केला, आणि मंडळी, माझ्या हातातला चहा निवायच्या आत गाडी आली. चार माणसं, हातमोजे, तोंडाला पट्ट्या, दोर. मागून साहेब जातीने हजर. ज्या पत्र्यांतून घासाची एक पेंढी आत येत नव्हती, ते पत्रे दोन माणसांनी उचकटून बाजूला उभे केले, सगळी गल्ली मोकळी! जिवंत म्हशीला घास नाही. मेलेल्या म्हशीला गाडी, माणसं, रस्ता, सगळं. तिने फक्त तेवढं मरायचं होतं.

शेवंतीला दोराने ओढत नेलं. शकुबाई तिच्या मागे पत्र्यापर्यंत गेली, गाडीत चढवेपर्यंत उभी राहिली. मग वळली आणि चालत गोठ्याकडे गेली. मला वाटलं, बाई आता आत जाऊन पडणार.

ती बाहेर आली ती चार म्हशी पुढे घालून. दावी सोडलेली, हातात काठीसुद्धा नाही. अशक्त म्हशी हळूहळू झुलत गल्लीतून येत होत्या, आणि घराघरातून बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. साहेब ओरडले, "ए बाई! कुठे निघालीस? परवानगी कुणाची?"

शकुबाई थांबली नाही. म्हणाली, "मेलीला वाट दिलीत ना साहेब? आता जित्यांना द्या."

"गुन्हा दाखल होईल!"

"करा की."

बंदोबस्तावरच्या माणसाकडे साहेबांनी बघितलं. त्याने काठी उचलली नाही. रात्रभर पत्र्याच्या पलीकडे उभं राहून त्यानेही ते हंबरणं ऐकलं होतं. तो बाजूला सरकला आणि म्हशी गेल्या. पुलावर त्यांना हिरव्या घासाचा वास आला असावा, कारण मरगळलेल्या त्या चौघी एकाएकी पळायला लागल्या, आणि मी गच्चीवर चढलो तेव्हा त्यांनी निवृत्तीच्या रानात मुंडकी खुपसली होती. शकुबाई बांधावर बसली होती. डोक्यावरून पदर ओढून हमसून हमसून रडत होती.

गुन्हा दाखल झालाच. सांगितलं होतं ते करून दाखवलं, एवढं एकच काम साहेबांनी त्या उन्हाळ्यात चोख केलं. पुढे त्यांचा सत्कार झाला, शाल, श्रीफळ, टाळ्या. जाऊ द्या.

शकुबाई रानातच पाल ठोकून राहिली. म्हशी आठ-दहा दिवसांत सावरल्या, पान्हा यायला लागला. गल्लीचे पत्रे निघाल्यावर एका सकाळी निवृत्तीकडे गेलो, तर साहेबांच्या बंगल्यावरचा गडी चरवी घेऊन बांधावर उभा. बाजारातलं पिशवीचं दूध साहेबांच्या नातवाला पचेना, म्हणून धाडलेला. खाली मान घालून उभा होता बिचारा. मी शकुबाईला म्हटलं, "पास विचार त्याला! म्हणावं, यादीत नाव आहे का तुझं?" माझ्या हातात असतं तर चरवीत शेण भरून पाठवलं असतं.

शकुबाईने चरवी घेतली, मापाने दूध घातलं, वर थोडं जास्तीचं घातलं.

"उपाशी लेकराला कुठली आलीय यादी," ती म्हणाली, आणि पुढच्या म्हशीच्या कासेला बसली.