कूलरपुढची नाव

आमच्या साडूभाऊंइतका गंभीर माणूस उभ्या नागपुरात सापडायचा नाही. तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर सगळे खिदळत असतात, तिथे हे गृहस्थ पंचनामा करायला आल्यासारखे प्लेटीकडे पाहत उभे. हयात सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेली, त्यामुळे 'अंदाजे' आणि 'जवळपास' हे शब्द त्यांना शिवीसारखे लागतात. घरात नवा कुकर आला तेव्हा सोबतची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचून होईस्तोवर त्यांनी शिट्टी होऊ दिली नव्हती. आम्ही त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला होतो आणि साडेतीनला जेवलो. माझ्या लग्नात घटका भरत आली असताना ते मांडवाचा एकेक खांब हलवून पाहत होते. सासऱ्यांनी विचारलं, "काय शोधून राहिले, जावईबापू?" हे म्हणाले, "तिसरा खांब ढिला आहे. मंगलाष्टकं थांबवा." मंगलाष्टकं थांबली. खांब खरंच ढिला होता, हेही सांगायला हवं.

अशा माणसाने निवृत्तीनंतर नंदनवन वस्तीतल्या आपल्या घरापुढे एक मोडकी नाव आणून ठेवली, तेव्हा गल्लीने त्यांची यथेच्छ थट्टा केली. नागपुरात समुद्र कुठून आणणार, असं जो तो विचारी. पण त्या नावेमागे त्यांची थोरली बहीण होती. तिला सगळे बाई म्हणायचे. आई लवकर गेली, म्हणून बाईंनीच साडूभाऊंना लहानाचं मोठं केलं. त्यांचं गाव कन्हानच्या पुढे, धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा साडूभाऊ चार वर्षांचे होते आणि बाई लग्नाच्या वयाच्या. बाईंना मूलबाळ नव्हतं. यजमान गेल्यावर त्या भावाकडे राहायला आल्या. नाव यायच्या आधीच्या माघात डॉक्टरांनी त्यांचं हृदय फार थकल्याचं सांगितलं. घरी येताना ऑटोत बाई एवढंच म्हणाल्या, "बापू, एकडाव मले आपल्या गावावर ने." गावावर म्हणजे पाण्यावर. मासेमारांच्या अरुंद डोंग्यात बसणं त्यांच्या गुडघ्यांना जमणार नव्हतं. म्हणून साडूभाऊंनी एका बंद पडलेल्या नौकाविहाराची ही रुंद, फायबरची नाव मिळवली.

नाव बाहेरून धड होती, आतून मात्र पार सडलेली. पाय ठेवावा तिथे फळी दबायची. त्या फळीखाली, तळाला चिकटवलेली दोन लांबच लांब लाकडं असतात. नावेचा सगळा जोर त्यांच्यावर. साडूभाऊंनी ती स्वयंपाकघरातल्या चमच्याने उकरून काढली, इतकी ती कुजली होती. मग लकडगंजातल्या प्रत्येक वखारवाल्याला घाम फोडून त्यांनी सागवान निवडलं. लाकडं बसवायची, त्यांच्यावर फायबरचं कापड थरावर थर अंथरायचं आणि इपॉक्सी नावाचं मधासारखं रसायन त्यात मुरवायचं, की सगळं मिळून दगडासारखं होतं. रसायनाच्या बाटल्या दोन, एकातलं दुसऱ्यात अगदी मोजून कालवायचं. मोजायचं काम निघाल्यावर साडूभाऊंचा चेहरा उजळला, म्हणजे त्यांच्या मानाने उजळला.

पण तोवर वैशाख लागला. नागपूरच्या त्या उन्हात कालवलेलं रसायन मगातच तापलं, त्यातून धूर निघाला आणि ब्रश आत उभाच्या उभा गच्च बसला. असे तीन मग वाया गेल्यावर साडूभाऊंनी उपाय काढला, आणि तो काढायला माणूस नागपूरचाच हवा. त्यांनी घरातला मोठा कूलर ढकलत अंगणात आणला, त्याच्या वाळ्याच्या ताट्या भिजवल्या आणि तो नावेसमोर चालू केला. आत बाई आणि माझी मेहुणी पदराने वारा घेत बसल्या, बाहेर नाव गार हवेत पहुडली. मेहुणी मला म्हणाली, "तीस वर्सांत माह्यासाठी कूलर हलवला नाही गा ह्या मानसानं." रसायन मात्र शहाण्यासारखं वागलं. पाच दिवसांत सगळे थर बसले, आणि साडूभाऊ चक्क हसल्याचं मी स्वतः पाहिलं.

आठव्या दिवशी एका कोपऱ्याला त्यांनी नख लावलं तर थर सुटा झाला. ओढला तर येतच गेला. कामठी रोडवर फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारागिराला आणलं. त्याने थरावर बोट फिरवून साडूभाऊंकडे पाहिलं. "हे चिकट काय आहे? ओली हवा कुठून लागली याले?" साडूभाऊंनी कूलरकडे बोट दाखवलं. कारागीर कूलरभोवती एक चक्कर मारून आला. मग म्हणाला, "दमट हवेनं वर मेणावानी पापुद्रा धरते, साहेब. त्याच्यावर दुसरा थर काहून बसंल? सगळं काढा. आता पावसात हात लावू नका."

म्हणजे काम थेट दसऱ्यानंतर. तेवढा वेळ बाईंकडे आहे की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. साडूभाऊ आत गेले आणि बहिणीच्या खाटेशी उभे राहून त्यांनी चूक सांगितली. शाळेत नापास झालेलं पोर उभं राहतं तसे उभे होते. बाई म्हणाल्या, "घाई मले आहे, नावेले नाही. काढ, अन् पुन्हा कर." पावसाळाभर ताडपत्रीखाली बसून ते खोटे थर खरवडत राहिले. भाद्रपदात बाई आठ दिवस दवाखान्यात होत्या, तेव्हाही संध्याकाळी घरी येऊन तासभर खरवडायचेच. मला त्या दिवसांत त्यांच्या जवळ जाववत नसे. दसरा झाला, हवा कोरडी झाली, आणि रोज पहाटेच्या गारव्यात वाटी-वाटी रसायन कालवून, प्रत्येक थर धुऊन, घासून त्यांनी तळ नव्याने घातला.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी नाव ट्रकवरून धरणावर नेली आणि काठावर आम्ही बाईंना खुर्चीसकट उचलून नावेत ठेवलं. फळी जराही दबली नाही. साडूभाऊ वल्ही मारत होते, मी खुर्ची धरून होतो. पाण्यातून एक टेकडी वर आली होती, तिच्यावर देवीचं देऊळ. बाईंना तिथेच जायचंय असं आम्ही धरून चाललो होतो. बाईंनी देवीला हात जोडले आणि म्हणाल्या, "तिकडं नको. डावीकडं घे. देऊळ अन् त्या पहाडाचं टोक एका ओळीत आलं पाह्यजे. हं, इथं थांब."

चहूकडे नुसतं पाणी होतं.

"हा आपला दरवाजा, बापू. ह्या पायरीवर बसून तू रडे. माय गेली ते इकडच्या खोलीत."

साडूभाऊंना यातलं काही आठवत नव्हतं. ते म्हणाले, "पाह्यलं नं, बाई? मनासारखं झालं नं?"

"मले काय पाहाचं आहे? डोये मिटले का मले रोज दिसते," बाई म्हणाल्या. "तुले दाखवाले आली मी. माह्या मागं तुले कोन दाखवंल?"

साडूभाऊंच्या हातून वल्हं सुटलं. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. बाईंनी त्यांना रडू दिलं, फक्त त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

बाई चैत्रात गेल्या. साडूभाऊ अजून तिकडे जातात, कधी मलाही नेतात. देऊळ आणि पहाडाचं टोक एका ओळीत येऊ लागलं की वल्ही आवरतात. मला तिथे पाणीच दिसतं. अलीकडे नाव थांबायच्या आधी ते पायातल्या चपला काढून बाजूला ठेवतात. मीही काढतो.