मार्यूनचं ‘बघू’

मार्यून,

हे पत्र हातात पडल्यावर तू कपाळाला आठ्या घालणार, ते मला समुद्रापलीकडून, सोरवॉगच्या माझ्या स्वयंपाकघरातून दिसतंय. "बिल्लाबाई, तुमचं लिहून झालं असेल तर मला बटाटे काढायचेत." काढ. मला एवढंच विचारायचंय, माझ्या उशीचं काय झालं? नवा अभ्रा शिवून तुझ्याकडे पाठवला होता, पफिन पक्ष्यांची पिसं भरून दे म्हणून. तू म्हणालीस, बघू. तुझ्या या ‘बघू’नं एकदा काय घोटाळा केला ते तू कुणाला सांगायची नाहीस. म्हणून मीच सांगते.

मीचिनेस बेटावर धक्क्याच्या पायऱ्या चढून आलं की पहिलं घर मार्यूनचं. पहिलं घर असणं हाच तिचा जन्मभराचा ताप. होडीतून उतरलेला माणूस ओकून ओकून पांढराफटक झालेला असतो, आणि समोर दिसेल ते दार ठोठावतो. नवरा होता तेव्हा तो दोराला लटकून कड्याखाली उतरायचा, पक्षी आणायचा. ती पिसं काढायची, मांस खारवायची. नवरा गेला तो अंथरुणात, न्यूमोनियानं. कड्यावरून पडून नव्हे, हे ऐकून पाहुणे दरवेळी जरा हिरमुसायचे. तो गेला आणि पाहुणे वाढत गेले.

"पफिन कुठे दिसतील?"

"वर."

"आणि ते मोठे पांढरे, सूला?"

"पफिनांच्या पलीकडे."

"बाथरूम?"

"ते इथेच. बूट काढून."

काहींना पक्षी नको असत, ज्वालामुखीचं तोंड हवं असे. कोट्यवधी वर्षांपूर्वी विझलेलं तोंड ती कुठून दाखवणार? ती कड्यातल्या काळ्या दगडाच्या थरांकडे बोट दाखवून चुलीकडे वळायची. दुपारी वारा फिरला की होडी यायची नाही, आणि ही सगळी मंडळी तिच्या घरात. मग कॉफी, पाव, रूबार्बचा मुरंबा, वाळवलेलं मटण, चादरी.

"उद्या तरी होडी येईल ना?"

"बघू."

पाहुण्यांना हे उत्तर झोंबायचं. पण आमच्याकडे समुद्र ओलांडायच्या कामाला कुणी ‘हो’ म्हणत नाही. नसेल जायचं तर सरळ ‘नाही’ म्हणतात, त्यात भीड कसली? ‘हो’ मात्र म्हणायचं नाही. म्हणून टाकलं आणि लाट उठली, तर तोंडघशी कोण पडणार? तेव्हा आमचं ‘बघू’ म्हणजे होच, फक्त समुद्राला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हटलेलं.

हा घोटाळा झाला त्या वसंतात मार्यून एकदा ओल्या चादरींची टोपली घेऊन पायरीवर बसली आणि तिला उठवेना. गुडघे नेहमीचेच, वेगळं दुखत काही नव्हतं. उठायचं कशासाठी, तेच आठवेना. शेजारचा हानुस मेंढरांकडून येत होता.

"काय गं, कुणाची वाट बघतेस?"

"चादरी आपापल्या दोरीवर जातायत का बघते."

"आण इकडे."

"तुझ्या हातांना मेंढ्यांचा वास येतो."

"पाहुण्यांना तोच तर आवडतो." त्यानं चादरी घातल्या, सगळ्या वाकड्या. तिनं त्या तशाच राहू दिल्या. मार्यूनला ओळखणाऱ्यानं यावरूनच समजावं.

त्याच आठवड्यात तिच्या मुलीचा, रानवाचा, राजधानीतून फोन आला. रानवा शाळा संपताच कोपनहेगनला गेली होती आणि निम्मं आयुष्य तिकडे काढून तोर्शहाव्नला परतली होती.

"आई, आमची खालची खोली रिकामी झालीय. एकही पायरी नाही. उन्हाळा संपला की ये कायमची. येशील?"

या प्रश्नाची मार्यून कितीतरी वर्षं वाट बघत होती. जिचं दार कुणी ठोठावणार नाही अशी एक खोली.

"बघू," ती म्हणाली, फोन ठेवला आणि माळ्यावरून ट्रंक काढली.

बेटावर कुणाला काही समजावावं लागलं नाही.

"जाणार म्हणे तू," हानुस म्हणाला.

"बघू म्हटलंय."

"मग कोंबड्या मी नेतो."

"ने."

ऑगस्ट सरता सरता पफिन गेले. दोन दिवसांपूर्वी गजबजलेला उतार अगदी गप्प झाला. मोसमाच्या शेवटच्या होडीच्या दिवशी ट्रंक आणि शिवणयंत्र धक्क्यावर ठेवून मार्यूननं मुलीला फोन लावला.

"समुद्र बरा आहे आज. सोरवॉगला गाडी घेऊन ये."

"का गं? काही पाठवतेयस?"

"मला."

मग रानवा म्हणाली, "आई, तू तर ‘बघू’ म्हणाली होतीस."

"म्हणाले ना."

"मला वाटलं, तुला यायचं नाही. तोंडावर नाही कसं म्हणायचं, म्हणून टाळलंस. मी खोली भाड्यानं दिली गं. वर्षभराचा करार झालाय."

"कोपनहेगननं तुला बरंच शिकवलं."

"आई, तू ये. वर आमच्यात राहा."

"जिना आहे?"

"आहे."

"मग असू दे."

होडी लागली. पाहुणे भराभर चढले. हानुसनं ट्रंकेच्या कडीला हात घातला. "चढवू?"

"नको."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. शिवणयंत्र खांद्यावर घेतलं आणि पायऱ्या चढायला लागला. वर पोचल्यावर म्हणाला, "कोंबड्या सोडतो आणून."

"आज नको. आज मला कुणालाच खायला घालायचं नाहीये."

ती कोट न काढता खुर्चीत बसली. थोड्या वेळानं दार वाजलं. कड्यावर रेंगाळून होडी चुकलेला एक जर्मन माणूस होता. "उद्या होडी येईल ना?"

"नाही," मार्यून म्हणाली. इतकं स्वच्छ उत्तर त्या दारात क्वचितच मिळालं असेल. "शुक्रवारी हेलिकॉप्टर बघा. बूट काढा." आणि कॉफीचं आधण ठेवायला उठली.

वर्षानं खोली रिकामी झाली. रानवा स्वतः न्यायला आली, रडली, आईच्या गुडघ्यांना तेल चोळलं. मार्यून म्हणाली, "नाही." पुन्हा कोंबड्या द्यायच्या, पुन्हा घर आवरायचं, पुन्हा धक्क्यावर जाऊन बसायचं. एवढं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. रानवाला या वेळी शब्द बरोबर कळला.

तर मार्यून, उशी. पफिन कमी झाले आणि गावानं आपण होऊन पक्षी धरायची जाळी खुंटीला टांगली, हे मला माहीत आहे. माझा अभ्रा तुझ्या त्या ट्रंकेत तळाशी आहे, कोपऱ्यात मूठभर पिसं घेऊन, हेही हानुसकडून कळलं. निदान तो तरी परत पाठव, असं मी परवा फोनवर म्हटलं, तर तू म्हणालीस, "नाही. भरायचाय तो." कधी, म्हणून विचारलं.

"बघू," म्हणालीस.