फोटोग्राफर संघटनेचा मंगळवारचा क्लास

फोटोग्राफरकडं किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. रुसलेला मामा, ऐनवेळी संपलेली बॅटरी, फोटोत यायचं नाही म्हणून खांबामागं लपलेली आत्या. आमच्या संघटनेची माणसं एकत्र आली की हेच चालायचं. पण ऑनलाइन क्लास सुरू झाल्यापासून जे किस्से जमलेत, त्यांची तऱ्हा वेगळी आहे. सांगताना ऐकणारा आधी हसतो आणि मग हळूच मागं वळून बघतो.

माझा स्टुडिओ सांगलीत, कुपवाडच्या रस्त्याला. संघटना सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांची. मी तिचा सेक्रेटरी, कारण ज्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी निवडला त्या मीटिंगला मी गैरहजर होतो.

प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आला आणि आमचे स्टुडिओ ओस पडायला लागले. कुणी झेरॉक्सचं मशीन घेतलं, कुणी शटर ओढून शेतावर गेला. कराडच्या मासिक मीटिंगला सात माणसं यायला लागली, त्यातली दोन जेवणापुरती. संघटना मोडायची नसेल तर माणसांना काहीतरी नवं शिकवलं पाहिजे, हे मला कळत होतं. म्हणून मी सुचवलं, दर मंगळवारी दुपारी दोन वाजता मोबाइलवर क्लास घेऊ. त्या वेळेला कुणाच्याच दुकानात गिऱ्हाईक नसतं.

साताऱ्याचे बापूकाका आमच्यात सगळ्यांत थोरले. सत्तरी ओलांडलेली, निम्मा जन्म डार्करूमच्या लाल दिव्याखाली गेलेला. ते म्हणाले, "आवं सेक्रेटरी, समोर बोलावून माणसं येईनात, ती काचंतनं कशी येतील?"

आली. पण कशी आली, ते सांगतो.

*

पहिल्या क्लासला मी पुण्याचे एक तज्ज्ञ बोलावले. चाळीस नावं दिसत होती, चाळीसही कॅमेरे बंद. सर तासभर बोलले. शेवटी म्हणाले, "काही शंका?" मग खाली एकच शब्द उमटला, 'समजलं.' सरांना बरं वाटलं.

संध्याकाळी मी एकेकाला फोन लावला. एकानं लिंक उघडून फोन चार्जिंगला लावला होता, एक बँकेच्या रांगेत होता, एकाला तर झोप लागली होती. म्हणजे तासभर सर चाळीस रिकाम्या खुर्च्यांना शिकवत होते.

'समजलं' हे महाबळेश्वरच्या दिलीपच्या नावावरून आलं होतं. तो स्टुडिओ सांभाळून टॅक्सीही चालवतो. निदान एकानं तरी ऐकलं म्हणून मी त्याला शाबासकी द्यायला फोन केला, तर उचलला त्याच्या बायकोनं. "ते सकाळीच वाईला गेल्यात टॅक्सी घेऊन. हा फोन दुकानात राहिला होता, मी आत्ता कुलूप काढून आणला."

मी विचारलं, "दुपारी दुकानात कोण होतं?"

ती म्हणाली, "कुलपात कोण आसणार, भाऊजी?"

*

त्यानंतर मी दोन नियम केले. कॅमेरा चालू ठेवायचा आणि बाहेरचा कुणी तज्ज्ञ नको. ज्याला जे येतं ते त्यानं बाकीच्यांना शिकवायचं, आपल्या दुकानातलं खरं काम समोर ठेवून. आणि गंमत म्हणजे माणसं बोलायला लागली. ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांची ऑर्डर पळवली, ते एकमेकांना 'इथं सावली जरा कमी कर' म्हणून सांगायला लागले.

कराडच्या सुनंदाताई तर एकही मंगळवार चुकवायच्या नाहीत. त्यांचे मालक अशोक आमचे जुने सभासद. ते गेल्यावर ताईंनी स्टुडिओ हातात घेतला. सभासदत्व मात्र कागदोपत्री अशोकच्याच नावावर राहिलं, त्यामुळं क्लासच्या पडद्यावरही तेच नाव यायचं. पहिल्यांदा हजेरी घेताना मी 'अशोक' म्हटलं आणि जीभ अडखळली. ताई शांतपणे म्हणाल्या, "हजर."

सहा महिन्यांचा कोर्स पुरा झाला तेव्हा कॉम्प्युटरनं आपलं आपण प्रमाणपत्र काढलं आणि ते टपालानं ताईंकडं गेलं. 'श्री. अशोक यांनी सर्व तासांना उपस्थित राहून अभ्यासक्रम पूर्ण केला.' खाली तारीख, त्यांना जाऊन तीन वर्षं झाल्यानंतरची.

मी माफी मागितली. म्हटलं, "ताई, बदलून देतो."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मी फ्रेम करून त्यांच्या फोटूखाली लावलंय. शिकायचं म्हटलं की लय टाळायचे. आता झालं एकदाचं."

*

महाबळेश्वरला जुलै महिन्यात दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. धुकं दाराच्या फटीतून आत येतं. अशाच एका मंगळवारी दिलीप आम्हाला कमी उजेडात चेहरा कसा टिपायचा ते दाखवत होता. दुकानाचं दार आतून लावलेलं. त्याच्या मागं निळा पडदा आणि पडद्यापुढं पासपोर्ट फोटोचं स्टूल.

बोलता बोलता बापूकाकांनी त्याला थांबवलं. "दिलीप, आधी गिऱ्हाईक बघ बाबा. कवाचं बसलंय बिचारं."

मीही बघितलं होतं. स्टुलावर एक माणूस बसला होता. पाठीवर बांबू-पानांचं इरलं होतं, तिकडं जुनी माणसं पावसात घेतात तसलं. चेहरा खाली होता.

दिलीप मागं वळला. "कोण गिऱ्हाईक?"

स्टूल रिकामं होतं. तेवढ्यात तिकडची लाइट गेली आणि दिलीपचा चौकोन काळा झाला.

मी बाकीच्यांना फोनवर वेगवेगळं विचारलं. सहा जणांनी माणूस बघितला होता आणि सहाही जणांनी इरलं सांगितलं. मग मी क्लासचं रेकॉर्डिंग काढलं. त्यात बापूकाका स्पष्ट म्हणतायत, 'कवाचं बसलंय बिचारं.' आणि दिलीपच्या मागं रिकामं स्टूल आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

दिलीप अजूनही क्लासला येतो, पण दुकानातून नाही. टॅक्सीत बसून येतो, काचा वर करून. स्टूल कुठंय म्हणून विचारलं तर म्हणतो, "हाय तितंच. हलवायचं कुणी?"

*

हे सगळं झाल्यावर कुणी क्लास सोडला असेल असं वाटेल. उलट माणसं वाढली. बापूकाका तर पुरते नादी लागले. काळ्यापांढऱ्या फोटोत रंग भरायचं त्यांना भारी वेड लागलं. एके दिवशी त्यांनी स्वतःच्याच लग्नाचा फोटो रंगवायला घेतला. कॉम्प्युटरनं काकूंच्या साडीला निळा रंग दिला.

"चुकलं," बापूकाका म्हणाले. "हिरवी होती." त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा निळी. चार वेळा केलं, चारी वेळा निळी. काका वैतागले. "ह्या यंत्राला काय ठावं? मी होतो तितं."

मागून चहा घेऊन आलेल्या काकू पडद्याकडं बघून म्हणाल्या, "निळीच होती. तुमी वर बघितलं कवा?"

*

आता शेवटचा किस्सा. हा त्या क्लासला हजर असलेल्या सगळ्यांनी पाहिलाय, म्हणून सांगायचं धाडस करतो.

त्या मंगळवारी खराब झालेल्या फोटोतला चेहरा परत कसा आणायचा, हे बापूकाका शिकवणार होते. त्यांच्याकडं कोरेगावकडच्या एका गावची म्हातारी आली होती. नवरा फौजेत होता, जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याचा एकच फोटो, पलटणीतला, वीस जवान ओळीनं उभे असलेला. कपाटात पाणी शिरलं आणि नेमकी नवऱ्याच्या चेहऱ्यावर ओल आली. एक कान आणि हनुवटीची कड तेवढी राहिली होती. कपाळ, डोळे, भुवया, सगळा पांढरा डाग.

काकांनी तिला शेजारी खुर्चीवर बसवलं आणि आम्हाला स्क्रीन दाखवली. तिला समजावून सांगितलं, "आजी, राहिलेल्या भागावरनं यंत्र अंदाजानं तोंड काढतंय. चुकलं तर दुसरं काढू."

त्यांनी बटण दाबलं. डाग हळूहळू भरत गेला आणि एक चेहरा वर आला. विशीतला, जाड मिशांचा. डाव्या भुवईत मधोमध एक खाच होती.

आजी स्क्रीनजवळ वाकली. मग म्हणाली, "हे आमचं मालक न्हवं."

"असू द्या, पुन्यांदा करतो," काका म्हणाले.

"थांबा." तिनं त्यांचा हात धरला. "हे आमचं थोरलं दीर. मालकांचं भाऊ. भुवईला बैलाचं शिंग लागलं होतं, ती खाच बघा."

"मग ह्यांचा फोटो कुठंतरी असंल घरात."

"न्हाई. त्यांचा फोटू कुणी काढलाच न्हाई. मी लगीन होऊन आले आन् वर्साच्या आत तापानं गेलं. गाव सोडून कवा भाईर गेलं न्हाईत."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. काकांनी क्लासआधी पाठवलेला मूळ फोटो मी मोठा करून बघितला. भुवईच्या जागी डागाशिवाय काही नव्हतं.

"आजी, पुसू का हे?" काकांनी विचारलं. "तुमच्या मालकांचं काढू."

"नगं. मालक माझ्या ध्यानात हायेत. ह्यांचं तोंड मात्र मी इसरत चालले होते. ह्योच छापून द्या."

काका प्रिंट द्यायला वळले. आजी खुर्चीवरून उठली, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि स्क्रीनकडं पाठ करून भिंतीला लागून उभी राहिली.

"बसा की," काका म्हणाले.

"थोरल्या दिरासमोर आमी बसत न्हाई."

प्रिंटर सुरू झाल्याचा आवाज येत होता. आजीनं मान न वळवता, हलक्या आवाजात काकांना विचारलं, "अजून हिकडंच बघत्यात का?"

बापूकाकांनी स्क्रीनकडं बघितलं.

"व्हय," ते म्हणाले.