आईच्या चष्म्याची काडी

माझे पप्पा, धम्मपाल पगारे, नाशिकरोडला चष्म्याच्या फ्रेम्स हातानं बनवतात. शीट कापायची, कानशीनं घासायची, कापडावर चमकवायची. कॉलेजच्या पोरी त्या फ्रेम्सवर जीव टाकतात. शेवटी काडी गरम करून कानामागे वाकवताना पप्पा "आता?" विचारत राहतात, गिऱ्हाईक "बस" म्हणेपर्यंत.

आई मार्चमध्ये गेली. तिची मधाच्या रंगाची फ्रेम मला वापरायची होती, पण ती नाकावरून घसरायची. पप्पांना तीनदा सांगितलं. परक्यांचं काम दोन मिनिटांत करणारा माणूस मला मात्र "उद्या बघू" म्हणायचा. शेवटी वैतागून मीच दोन्ही काड्या गरम पाण्यात बुडवल्या, माझ्या कानांना बसतील अशा वाकवल्या आणि ऐटीत दाखवायला गेले.

पप्पा चष्मा हातात घेऊन बघतच राहिले. आईचा डावा कान जरा खाली होता.

"तिच्या कानाचं वळण होतं गं यात," एवढंच म्हणाले.

मला रडू फुटलं. "मग पुन्हा तसंच वाकवा ना! तुम्हाला तर येतं."

त्यांनी डावी काडी गरम केली, हळूच वाकवली आणि सवयीनं विचारलं, "आता?"

"बस" म्हणायला कुणी नव्हतं.