मॉड्यूल ठीक होतं, चूक माझी होती

कम्युनिटीतल्या माळव्याच्या मंडळींनो, आज स्वतःचीच फार लाज वाटतेय, म्हणून इथे लिहितेय.

देवासच्या आमच्या कारखान्यात सकाळी प्लांट सुरू करताच टाकीचं तापमान स्क्रीनवर भलतंच दिसायला लागलं. सेन्सरचा सिग्नल कंट्रोल सिस्टीमला पोचवणारं अ‍ॅनालॉग इनपुट मॉड्यूल मी कालच नवीन बसवलं होतं. "मालच खराब दिलाय," असं मी साहेबांना सांगून मोकळी झाले.

मॉड्यूलच्या कंपनीचे इंजिनियर विनोदभिया पीथमपूरहून धावत आले. सेन्सर सिग्नल करंटमध्ये देतो, आणि मॉड्यूलचा स्विच मी व्होल्टेजवर ठेवला होता! त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, स्विच फिरवला. आकडा जागेवर आला.

"क्या निकला?" साहेबांनी विचारलं.

"सर, हमारी तरफ से गडबड थी."

साहेब त्यांना सगळ्यांसमोर वाटेल ते बोलले. मी वहीत आकडा लिहीत राहिले.

गेटपाशी मी विचारलं, "भिया, खोटं कशाला बोललात?"

"ताई, तुम्हाला इथे रोज बसायचंय. मी काय, आज आलो नि चाललो."

तेव्हा साहेब केबिनमध्ये होते. मी आत गेले नाही, बस पकडून घरी आले.

उद्या सकाळी त्यांना खरं सांगायचंय. पहिलं वाक्य काय बोलू, सांगाल?